विश्लेषण : गाडी एकच, सुरक्षा मात्र किमतीप्रमाणे! एअरबॅग, बेल्ट, अलार्मला कात्री कशी लागते?

४ सप्टेंबर २०२२, रविवार. दुपारी अडीचच्या सुमारास उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली मर्सिडीज जीएलसी कार डहाणू तालुक्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा त्यात मृत्यू झाला. दोघे मागच्या सीटवर होते आणि पोलिसांच्या प्राथमिक तपासानुसार दोघांनीही सीटबेल्ट लावला नव्हता. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

त्यानंतर देशभर चर्चा झाली ती बेल्टची आणि पुलाची. पण ती गाडी एअरबॅगपासून मजबूत सांगाड्यापर्यंत सगळे असलेली महागडी गाडी होती. तलासरी ते मनोर या पट्ट्यात रोज धावणाऱ्या बहुतेक गाड्या तशा नसतात. त्यातल्या अनेकींच्या सुरक्षेला कात्री लागलेली असते, तीही गाडी शोरूममध्ये येण्याच्या आधीच.

चारोटीत नेमके काय घडले होते?

मर्सिडीज कंपनीने पालघर पोलिसांना दिलेल्या अंतरिम अहवालानुसार, धडकेच्या पाच सेकंद आधी गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर होता. ब्रेक दाबल्यानंतर तो ८९ वर आला आणि धडक बसली. ८९ चा वेग म्हणजे किती? साधारण ३१ मीटर उंचीवरून, म्हणजे दहाव्या मजल्यावरून खाली पडताना जमिनीजवळ जो वेग येतो, तेवढा. गाडी थांबते, पण आत बेल्ट न लावलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो. अशा वेळी पुढचाही धोक्यात येतो, कारण मागून पूर्ण वजनाचा माणूस त्याच्यावर येतो.

पुलाची रचनाही सदोष होती. तीन मार्गिकांचा रस्ता तिथे दोन मार्गिकांचा होतो आणि कठडा पुढे आलेला होता, याकडे आयआयटी खरगपूरच्या न्यायवैद्यक पथकाने लक्ष वेधले होते. जखमींना पुढील उपचारांसाठी सीमेपलीकडे वापीला न्यावे लागले होते. मोठे रुग्णालय इतके लांब असलेल्या रस्त्यावर पहिला बचाव गाडीलाच करावा लागतो.

कंपन्या सुरक्षा ‘काढतात’ म्हणजे काय करतात?

कारखान्यात कोणी पाना घेऊन एअरबॅग सोडवत बसत नाही. कात्री लागते ती कागदावर. कोणत्या देशात आणि कोणत्या व्हेरियंटमध्ये काय द्यायचे, हे किमतीचे गणित मांडून ठरते. कायद्याने जे सक्तीचे नाही, ते खालच्या व्हेरियंटमधून आधी गळते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पुण्याजवळच्या चाकणचे आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. चाकणला तयार होणाऱ्या पोलोचे दोन एअरबॅगचे व्हेरियंटही तपासले गेले. त्याला चार तारे मिळाले. सांगाडा तोच, कारखाना तोच. फरक होता तो पुढच्या दोन एअरबॅगचा! फोक्सवॅगनने मग एअरबॅग नसलेली पोलो भारतात विकणे थांबवले. ती आधी का विकली जात होती, याचे उत्तर सोपे आहे. विकायला कायद्याची आडकाठी नव्हती.

दुसरे उदाहरण एस-प्रेसोचे. भारतात विकल्या जाणाऱ्या मारुती एस-प्रेसोला २०२० मध्ये शून्य तारे मिळाले. भारतातच बनवून दक्षिण आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या एस-प्रेसोला २०२२ मध्ये तीन तारे मिळाले. त्याच वर्षी चाचणीचे निकष कडक झाले आणि वर्षाअखेर भारतीय एस-प्रेसोला एक तारा मिळाला. निकष बदलल्याने या आकड्यांची थेट तुलना करताना जपून राहावे लागेल. पण मायदेशातल्या ग्राहकाच्या वाट्याला प्रत्येक वेळी शेवटचा बाक का येतो, हा प्रश्न उरतोच.

एअरबॅग वाढवल्या की काम झाले?

नाही, आणि इथेच जाहिराती दिशाभूल करतात. एअरबॅग ही बेल्टची सोबतीण आहे, बेल्टला पर्याय नाही. धडकेनंतर ती पापणी लवायच्या आत फुगते आणि लगेच रिकामी होऊ लागते. त्या क्षणी माणूस जागेवर असेल तरच ती उपयोगी पडते. त्याला जागेवर धरतो तो बेल्ट. बेल्टमधला प्रीटेन्शनर नावाचा भाग धडक बसताच पट्टा मागे खेचून घट्ट करतो. हा भाग ग्राहकाला कधीच दिसत नाही, त्यामुळे तो वगळला तरी शोरूममध्ये कोणी विचारत नाही. सनरूफ मात्र पहिल्या नजरेत दिसते.

या सगळ्याखाली असतो सांगाडा. २०१४ च्या चाचणीत अल्टो, नॅनो आणि आय१० यांचे सांगाडे कमी-अधिक चेपले होते. अशा गाडीत एअरबॅग बसवूनही फारसा उपयोग झाला नसता, असा निष्कर्ष तेव्हा ग्लोबल एनकॅपने काढला होता. सांगाड्यात चांगल्या प्रतीचे पोलाद घातले की वजन आणि खर्च दोन्ही वाढतात, आणि रंगाखाली ते कोणाला दिसत नाही.

सरकारची सक्तीची समोरची धडक चाचणी ताशी ५६ किलोमीटर वेगाने होते. तारे देणाऱ्या संस्था ६४ च्या वेगाने गाडी आदळतात. फरक आठच किलोमीटरचा वाटतो, पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६४ ला ती सुमारे ३० टक्के जास्त असते. चारोटीच्या ८९ ला तर ६४ च्याही जवळपास दुप्पट. म्हणून ‘सर्व सरकारी नियमांची पूर्तता’ या वाक्याचा अर्थ एवढाच की गाडी पास झाली आहे. किती गुणांनी, ते तारे सांगतात. भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारांकन पद्धत १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, पण तीही कंपन्यांसाठी ऐच्छिक आहे. पेपर अवघड वाटला तर परीक्षेलाच न बसण्याची मुभा!

सहा एअरबॅगच्या नियमाचे काय झाले?

एबीएस एप्रिल २०१९ पासून, तर चालकासाठी एअरबॅग आणि वेगमर्यादेचा इशारा हे जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग नव्या मॉडेलमध्ये एप्रिल २०२१ पासून आणि चालू मॉडेलमध्ये त्या वर्षाच्या अखेरीस आली. जानेवारी २०२२ मध्ये सहा एअरबॅगचा मसुदा निघाला. मुदत होती १ ऑक्टोबर २०२२. मिस्त्रींच्या अपघाताला महिनाही झाला नव्हता, तेव्हा ती एक वर्षाने पुढे ढकलली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सक्ती करणार नसल्याचे सांगितले.

याच गडकरींनी ऑगस्ट २०२२ मध्ये संसदेत एका एअरबॅगची किंमत ८०० रुपये असल्याचे सांगितले होते. उद्योगाचे म्हणणे वेगळे होते. सेन्सर, वायरिंग आणि सांगाड्यातले बदल धरले तर खर्च बराच वाढतो, छोटी गाडी महागते आणि दुचाकीवरचे कुटुंब दुचाकीवरच राहते. हा युक्तिवाद पोकळ नाही. चार जण मोटारसायकलवर बसण्यापेक्षा साधी कारही बरी. पण तो पुढे ताणला तर गरीब ग्राहकाने कमी सुरक्षेवर समाधान मानावे, असा त्याचा अर्थ होतो. बाजाराने तो अंशतः खोटाही पाडला आहे. पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनने २०१८ मध्ये पाच तारे मिळवले आणि ती धडाक्याने विकली गेली. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सर्व मॉडेलमध्ये सहा एअरबॅग देण्याची घोषणा केली. मात्र कंपनीने मनावर घेतले म्हणून मिळालेली सुरक्षा कंपनीच्या मनावरच टिकते.

आणि मागच्या सीटचे काय?

मागे बसणाऱ्यांनी बेल्ट लावावा, असा नियम जुनाच आहे. न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. तरी २०१९ च्या नियमाने अलार्म सक्तीचा केला तो फक्त पुढच्या दोन सीटसाठी. चारोटीच्या अपघातानंतर मागच्या सीटसाठीही अलार्मचा मसुदा निघाला आणि अंमलबजावणीची तारीख ठरली १ एप्रिल २०२५. रस्ते मंत्रालयाच्या अहवालानुसार एकट्या २०२२ मध्ये सीटबेल्ट न लावल्याने १६,७१५ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते.

अलार्म आला तरी तो बंद पाडणारे आहेतच. बेल्टच्या खाचेत अडकवायची धातूची क्लिप ऑनलाइन सर्रास मिळत होती. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना आदेश दिल्यानंतर अशा १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांतही आपण अशी क्लिप पाहिल्याचे गडकरींनी सांगितले होते. तेव्हा दोष फक्त कंपन्यांवर ढकलून चालणार नाही.

डहाणू-तलासरीच्या प्रवाशांसाठी याचा अर्थ काय?

तलासरी, डहाणूतून वापी-उंबरगावच्या कारखान्यांकडे कामाला जाणारे अनेक जण शेअर गाडीने जातात. गाडी साधी, बरेचदा जुनी, आणि सीटपेक्षा माणसे जास्त. जेवढी माणसे तेवढे बेल्टच नसतील तर लावणार काय? अशा वाहतुकीत सर्रास दिसणाऱ्या मारुती इकोच्या एअरबॅग नसलेल्या व्हेरियंटला २०१६ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत शून्य तारे मिळाले होते. नवे नियम मागील तारखेने लागू होत नाहीत. त्यामुळे २०१९ पूर्वीची खालच्या व्हेरियंटची गाडी आज कमी किमतीत मिळत असेल, तर तिच्यात ना एअरबॅग ना एबीएस, अशी शक्यता धरूनच चालावे.

जुनी गाडी घेताना म्हणून आरसी बुकवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष आधी पाहा. नवी घेत असाल तर तारे कोणत्या वर्षीच्या चाचणीचे आहेत, मागच्या मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, आणि वळणावर गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा तुमच्याच व्हेरियंटमध्ये आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर त्यावर बाहेरून जाड सीट कव्हर चढवू नका. ती फाडून बाहेर यायला एअरबॅगला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नसतो.