काचेवरची काळोखी

सुरतेत तीन-तीन पिढ्या काढूनही येथील उन्हाळा आपल्या अंगवळणी पडलेला नाही. म्हणून आमच्या एका स्नेह्यांनी नवी मोटार घेताच सर्व काचांवर काळसर फिल्म चढविली, याचे आम्हांस नवल वाटले नाही. परवा तिन्हीसांजेस मात्र ते आमच्याकडे आले ते घामाघूम होऊन. उधन्याच्या एका गल्लीत गाडी मागे घेताना सायकलवरचे एक पोर त्यांना दिसलेच नाही. कोणीतरी गाडीवर जोराने थाप मारली म्हणून अनर्थ टळला. पाणी पिऊन ते म्हणाले, "सर, दुकानदार तर म्हणाला होता, पन्नास टक्क्यांची फिल्म नियमात बसते!"

आम्ही त्यांच्यापुढे कागद-पेन्सिल ठेविली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० सांगतो की, पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. हे माप एकट्या फिल्मचे नव्हे. मूळ काच ७० टक्के प्रकाश सोडीत असेल आणि तीवर पन्नास टक्क्यांची फिल्म लाविली, तर उरतो ७० चा निम्मा, म्हणजे अवघा ३५ टक्के! पाचवीतल्या मुलाला येणारे हे गणित दुकानात कोणी करीत नाही.

काळ्या काचांआड गुन्हे घडतात, हे ध्यानी घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अशा फिल्मवर सरसकट बंदी घातली. पुढे नियम १०० मध्ये दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२१ पासून अमलात आली. तिच्या आधारे, ठरलेली पारदर्शकता राखणारी प्रमाणित फिल्म चालेल, असे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटले. परंतु तो निर्णय गुजरातेतील न्यायालयांवर बंधनकारक नाही. शिवाय गडद फिल्मला त्यानेही थारा दिलेला नाही.

राहिला विम्याचा प्रश्न. केवळ फिल्म आहे म्हणून अपघातग्रस्त तिऱ्हाइताची भरपाई बुडत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मात्र निराळा. गाडीची वाजवी काळजी घ्यावी, अशी अट पॉलिसीत असते. काळोखी काच अपघातास कारण झाली असे दिसल्यास कंपनी वाद घालू शकते. विमा काढताना न कळविलेल्या फिल्मची किंमतही सहसा मिळत नाही.

तेव्हा वाचकहो, फिल्म लावावयाचीच असेल, तर काच आणि फिल्म यांची एकत्रित पारदर्शकता मापून बिलावर लिहून घ्या आणि विमा कंपनीस लेखी कळवा. उन्हासाठी गाडी सावलीत लावणे व निघण्यापूर्वी क्षणभर दारे उघडी ठेवणे, हे बिनखर्चाचे उपाय आहेतच.

आमच्या स्नेह्यांनी दुसऱ्याच दिवशी फिल्म काढविली. दंडाची रक्कम त्यांनी आम्हांस विचारलीही नाही. ते पोर कोणाचे, हे मात्र त्यांनी गल्लीत जाऊन विचारून घेतले.