विश्लेषण : फाइल शून्य बाइटची, तरी नोंदी कार्डावरच!

पावसाळ्यातील दोन महिन्यांच्या नोंदी असलेले मेमरी कार्ड संगणकात घातले आणि फाइलचा आकार दिसला शून्य बाइट. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेले पर्जन्यमापक एका शेतात उभे होते. दर दहा मिनिटांनी एक ओळ कार्डावर लिहायची, एवढेच त्याचे काम. बॅटरी संपली, यंत्र बंद पडले आणि ‘कार्ड बाद झाले’ असा निष्कर्ष मुलांनी काढला. ते कार्ड माझ्याकडे आले तेव्हा फाइलचा नाद सोडून एकेक सेक्टर थेट वाचला. पाऊस जवळजवळ सगळा तिथेच होता. हरवल्या होत्या त्या फक्त शेवटच्या दोन-तीन तासांच्या नोंदी.

नोंदी होत्या, मग फाइल रिकामी का?

एसडी कार्डाला ‘फाइल’ हा प्रकार ठाऊकच नसतो. त्याला कळते ते एवढेच : अमुक क्रमांकाचा सेक्टर वाच, तमुक क्रमांकाचा लिही. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा. फाइलचे नाव, तिची लांबी, ती कुठून सुरू होते, हा हिशेब म्हणजे फॅट ही फाइल-रचना. मायक्रोसॉफ्टमध्ये १९७७ साली जन्मलेली, पुढे वाढत फॅट-३२ झालेली. एक ओळ लिहिली की खरे तर तीन ठिकाणी हात लावावा लागतो : मजकुराचा सेक्टर, जागावाटपाचा तक्ता आणि डिरेक्टरीतील ३२ बाइटची नोंद, जिथे फाइलची लांबी असते. मुलांच्या प्रोग्रामने फाइल पहिल्या दिवशी उघडली आणि कधी बंदच केली नाही. मजकूर सेक्टर भरेल तसा कार्डावर उतरत राहिला, पण लांबीचा आकडा मायक्रोकंट्रोलरच्या रॅममध्येच राहिला आणि बॅटरीबरोबर गेला. दुकानदाराने माल रोज गोदामात ठेवावा आणि खतावणी मात्र वर्षअखेरीस लिहू म्हणावे, तसे हे.

ऑपरेटिंग सिस्टीम नसली की काय काय अंगावर येते?

संगणकात हा हिशेब पडद्याआड होतो. अर्डुइनो उनोवरच्या मायक्रोकंट्रोलरकडे रॅम मुळात २ किलोबाइट. त्यातले ५१२ बाइट एकाच सेक्टरसाठी राखले की चौथा हिस्सा संपला. कार्ड जागे करण्यापासून सगळे स्वत: करायचे. ७४ किंवा अधिक क्लॉक-ठोके द्यायचे, ४०० किलोहर्ट्झपेक्षा कमी वेगाने पहिल्या आज्ञा पाठवायच्या, कार्ड ‘तयार आहे’ म्हणेपर्यंत विचारत राहायचे. जुन्या, २ जीबीपर्यंतच्या कार्डांत पत्ता बाइटमध्ये द्यावा लागतो, एसडीएचसीत सेक्टरमध्ये. हा फरक विसरलात तर लिहिणे ५१२ पट दूर जाऊन पडते. उनोचे सिग्नल ५ व्होल्टचे, कार्ड साधारण ३.३ व्होल्टचे. ६४ जीबीचे कार्ड स्वस्त मिळाले म्हणून आणावे, तर त्यावर एक्सफॅट असते आणि अर्डुइनोची नेहमीची एसडी लायब्ररी फॅट-१६ व फॅट-३२ एवढेच ओळखते. दोष नसताना कार्ड परत करायला गेलेली मुले मी पाहिली आहेत.

मग सरळ लिनक्सवाला बोर्ड लावावा का?

हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो आणि तो मला पटत नाही. दहा मिनिटांतून एकदा जागे होणारा मायक्रोकंट्रोलर मधल्या वेळात काही मायक्रोअँपिअरवर झोपू शकतो. रास्पबेरी पायसारखा बोर्ड चालू असताना त्याच्या हजारो पट वीज घेतो, म्हणजे सौर पॅनेल आले, मोठी बॅटरी आली, आणि शेतातून चोरीला जाण्याजोगी वस्तूही झाली. शिवाय अचानक वीज गेल्यावर कार्ड बिघडण्याची तक्रार तिथेही आहेच. ऑपरेटिंग सिस्टीमही लिहायचा मजकूर काही काळ रॅममध्ये धरून ठेवतेच.

दुसरा सल्ला प्रत्येक ओळीनंतर ‘फ्लश’ करण्याचा. तो दहा मिनिटांच्या नोंदीला चालतो, पण दर वेळी डिरेक्टरीचा तोच सेक्टर पुन्हा लिहिला जातो आणि नेमक्या त्या क्षणी वीज गेली तर धोका एका ओळीला नसून सबंध फाइलला असतो.

मला योग्य वाटणारा मार्ग जरा गावठी दिसतो. नव्याने फॉरमॅट केलेल्या कार्डावर संगणकातूनच ३२ एमबीची, कोऱ्या जागांनी भरलेली एक सलग फाइल तयार करून ठेवावी. यंत्राने तिचा पहिला सेक्टर शोधावा आणि पुढे फक्त तिच्या आतले सेक्टर लिहावेत. तक्ता आणि डिरेक्टरी यांना हातच लावू नये. लांबी आधीच लिहिलेली असल्याने ती हरवण्याचा प्रश्न नाही. ‘पेटिट फॅटएफएस’ ही चिमुकली लायब्ररी याच शिस्तीची आहे : तिला नवी फाइल बनवता येत नाही की असलेली वाढवता येत नाही. जागेची काटकसरही नको. एका नोंदीला एक अख्खा सेक्टर दिला, तरी दहा मिनिटांच्या हिशेबाने वर्षाच्या ५२,५६० नोंदी २७ एमबीत बसतात. प्रत्येकीत अनुक्रमांक आणि चेकसम असावा. यंत्र पुन्हा सुरू झाले की अर्ध्यावर-अर्ध्यावर शोध घेत सोळा-सतरा वाचनांत शेवटची नोंद सापडते. कार्ड काढून शेतकऱ्याच्या मुलाच्या लॅपटॉपला लावले तर फाइल साध्या मजकुरासारखी उघडते. फाइल-रचनाच नसलेले कार्ड लावले असते तर विंडोजने ‘फॉरमॅट करू का?’ विचारले असते आणि कोणीतरी ‘हो’ म्हटलेच असते.

तरीही धोका उरतो?

उरतो. कार्डाच्या आतही एक कंट्रोलर असतो आणि तो आपल्या नकळत फ्लॅशमधले मोठे ब्लॉक इकडून तिकडे हलवत असतो. लिहिताना वीज गेली तर शेजारच्या, जुन्या नोंदींनाही इजा होऊ शकते. प्रोग्राम कितीही चोख असो. म्हणून लिहिण्याआधी बॅटरीचे व्होल्टेज मोजावे, कमी असेल तर लिहूच नये, आणि सुरू केलेले लिहिणे पुरे होईल एवढा कपॅसिटर लावावा. त्या मुलांच्या यंत्रात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. प्रकल्पाचे गुण मात्र पडद्यावर आलेख दिसला त्या दिवशीच, प्रयोगशाळेत, भिंतीतल्या विजेवर चालताना देऊन झाले होते. परीक्षकांनी तेव्हा एकदा वायर उपटून पाहायला हवी होती.