पत्ता आपला, टिंब कोणाचं?

‘फुकट ते पौष्टिक’ हे आपल्या पिढीचं इंटरनेटबाबतचं अधिकृत धोरण आहे. ई-मेल फुकट, गाणी फुकट, आणि नकाशे तर काय, विचारूच नका. त्यामुळे ऑनलाइन नकाशांच्या नियमांवर आख्खा कॉलम म्हटल्यावर तुमच्यातले निम्मे लोक पुढच्या पानावरच्या रेस्टॉरंट रिव्ह्यूकडे सटकणार, हे मला माहितीये. पण थांबा जरा. नोकरी सांभाळून ज्यांना ‘साइड’ला काहीतरी सुरू करायचंय, म्हणजे केक, डबे, ट्रेक, पीजी शोधून देणारी साइट वगैरे, त्यांच्यासाठी हे मस्ट आहे. गिऱ्हाइकाचा पत्ता तुमच्याकडे असतो. तो नकाशावर टाकल्यावर जे टिंब उमटतं, ते मात्र तुमचं असेलच असं नाही.

आधी थोडा फ्लॅशबॅक. गुगल मॅप्स आले फेब्रुवारी २००५ मध्ये. दोनच महिन्यांत अमेरिकेत पॉल रेडमाकर नावाच्या पठ्ठ्याने क्रेगलिस्टवरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती उचलून त्या नकाशावर टाचल्या. साइटचं नाव ‘हाउसिंगमॅप्स’. परवानगी? कसली परवानगी! नकाशाचा कोड उलगडून त्याने ते जमवलं होतं. गुगलने त्याला कोर्टात खेचण्याऐवजी जूनमध्ये सगळ्यांसाठी एपीआय खुला केला आणि पुढे त्याला चक्क नोकरीही दिली. मग काय, जो तो नकाशा लावत सुटला. हॉटेलवाल्यांची साइट असो नाहीतर लग्नाच्या हॉलची, कोपऱ्यात एक नकाशा हवाच.

मीटर डाऊन झालं ते २०११ मध्ये. दिवसाला २५ हजार वेळा नकाशा उघडेपर्यंत फुकट, त्यापुढे दर हजारी ४ डॉलर, असं ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं. फेब्रुवारी २०१२ संपताना फोरस्क्वेअरने आपला वेब नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर हलवल्याची घोषणा केली. जूनमध्ये दर उतरून हजारी अर्धा डॉलर झाला आणि सगळे पुन्हा निवांत झोपले. पुढचा दणका १६ जुलै २०१८ चा. नकाशाचा दर अर्ध्या डॉलरवरून ७ डॉलर, म्हणजे चौदा पट! वर क्रेडिट कार्ड दिल्याशिवाय एन्ट्रीच नाही. महिन्याला २०० डॉलरची सूट होती, पण भागाकार करून बघा. त्यात साधारण साडेअठ्ठावीस हजार वेळा नकाशा उघडायचा. आधी जेवढं एका दिवसात मिळायचं, जवळपास तेवढंच आता महिन्याभरात.

कंपनीने पैसे मागू नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. रस्तोरस्ती गाड्या फिरवून माहिती गोळा करायची, ती रोज ताजी ठेवायची, याला खर्च येतोच. आणि दर वरच चढतात असंही नाही. जुलै २०२४ मध्ये ओलाच्या भाविश अगरवालनी जाहीर केलं की वर्षाला १०० कोटी रुपये नकाशांवर जायचे, आता स्वतःचे नकाशे वापरून तो खर्च शून्यावर आणलाय. त्याच महिन्यात गुगलने भारतातले दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवल्याचं सांगितलं. मार्च २०२५ पासून २०० डॉलरची सूटही गेली, तिच्या जागी प्रत्येक सेवेचा वेगळा फुकट कोटा आला. थोडक्यात काय, तर भाडेकरूला घरमालकाच्या मूडवर लक्ष ठेवावं लागतं.

पण पैशाची मर्यादा निदान दिसते तरी. बिल येतं, पोटात गोळा येतो, आपण जागे होतो. खरी गंमत लायसन्समध्ये आहे, कारण तिथे बिलच येत नाही. ‘आय अ‍ॅग्री’वर क्लिक करताना आपण काय वाचतो हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे.

माझी एक मैत्रीण कोथरूडमध्ये डब्यांचा बिझनेस करते. एक्सेलमध्ये तीनेक हजार पत्ते, त्यातले काही चालू, काही सोडून गेलेले. तिला ते सगळे नकाशावर हवे होते, म्हणजे पोरांचे रूट नीट लावता येतील आणि नवं किचन कुठे टाकायचं तेही कळेल. पत्ता देऊन अक्षांश-रेखांश मिळवायच्या या प्रकाराला जिओकोडिंग म्हणतात. तिचा पहिला प्रश्न, ‘अगं, किती पैसे पडतील?’ उत्तर सोपं होतं. गुगलकडे जिओकोडिंगचा जगभरचा फुकट कोटाच महिन्याला १० हजारांचा आहे. तीन हजार पत्ते त्यात आरामात बसतात.

दुसरं उत्तर ऐकून मात्र ती उडाली. गुगलच्या अटींप्रमाणे असे मिळालेले अक्षांश-रेखांश ३० दिवस ठेवता येतात, मग पुसायचे. शिवाय ते दुसऱ्या कुणाच्या नकाशावर दाखवायचे नाहीत. ‘प्लेस आयडी’ नावाचा एक कोड तेवढा कायमचा जपून ठेवता येतो, पण त्यावरून जागा काढायची तर पुन्हा त्यांच्याच दारात जायचं. म्हणजे गिऱ्हाईक तिचं, पत्ता तिचा, वर्षानुवर्षं डबा तिचा, आणि त्या दाराचे दोन आकडे मात्र महिन्याच्या बोलीवर!

हे काय नवीन खूळ, असं वाटत असेल तर तसं नाही. नकाशे छापील होते तेव्हाही ही भांडणं जोरात होती. ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या नकाशांची कॉपी केल्याच्या दाव्यात ऑटोमोबाइल असोसिएशनने २००१ मध्ये २ कोटी पौंडांवर तडजोड केली. संस्थेने म्हणे आपल्या नकाशांत बारीकसारीक खुणा मुद्दाम पेरल्या होत्या, त्याच समोरच्याच्या नकाशात सापडल्या. सॉलिड ना? जनतेच्या पैशांनी बनलेले नकाशे जनतेलाच मोकळेपणी वापरता येत नाहीत, याचा वैताग येऊन त्याच ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्टने २००४ साली ओपनस्ट्रीटमॅप सुरू केलं. जगभरचे लोक आपापली गल्ली स्वतः नोंदवतात आणि तो डेटा कुणीही वापरू शकतं.

कुणीही म्हणजे कसाही नव्हे हं. इथलाही फंडा समजून घ्या. पहिली गोष्ट, ‘ओपनस्ट्रीटमॅप कॉन्ट्रिब्यूटर्स’ असं श्रेय नकाशावर दिसलंच पाहिजे. दुसरी, त्यांच्या डेटात भर घालून तुम्ही नवा डेटाबेस बनवलात आणि तो लोकांपुढे आणलात, तर तोही त्याच लायसन्सखाली खुला करावा लागतो. आणि तिसरी, गुगलवर बघून इथे टिंब टाकायचं नाही. कॉपी ती कॉपीच. त्यांच्या पत्ते शोधणाऱ्या यंत्रणेचं नाव ‘नॉमिनॅटिम’, लॅटिनमध्ये अर्थ ‘नावाने’. तिचा सार्वजनिक सर्व्हर देणग्यांवर चालतो, म्हणून नियम कडक आहे. सेकंदाला जास्तीत जास्त एक प्रश्न. आपली ओळख सांगायची, रांग मोडायची नाही. मोठ्या थोक कामासाठी त्यांनी तो ठेवलेलाच नाही. ते काम असेल तर सॉफ्टवेअर स्वतःच्या मशीनवर बसवा, तेही फुकट आहे.

मला सगळ्यात आवडलेला नियम पुढे आहे. एकदा मिळालेलं उत्तर तुम्ही स्वतःकडे साठवून ठेवायचं, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारलात तर ब्लॉक होऊ शकता. एक म्हणतो महिन्यानंतर पुसून टाका, दुसरा म्हणतो जपून ठेवा आणि पुन्हा डोकं खाऊ नका! दोघांच्या धंद्यातला आणि स्वभावातला फरक एवढ्यावरून कळतो.

मैत्रिणीने अर्थातच दुसरा रस्ता धरला, आणि तिथे आडवे आले आपले अस्सल पत्ते. ‘मारुतीच्या देवळामागे, पिवळी बिल्डिंग, इस्त्रीवाल्याच्या वर.’ यापुढे भलीभली यंत्रणा हात टेकते. पिन कोडवरून एरिया कळतो, बस्स. १५ ऑगस्ट १९७२ ला हे सहा आकडे आणले ते श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि संस्कृत कवी, असं भन्नाट कॉम्बिनेशन. पण त्यांचा पिन टपालाची थैली योग्य पोस्टात पोचवण्यासाठी होता, पिवळ्या बिल्डिंगचा जिना शोधण्यासाठी नाही. ते काम मे २०२५ मध्ये आलेला टपाल खात्याचा ‘डिजिपिन’ करू बघतोय. साधारण चार बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा कोड. तो अक्षांश-रेखांशांवरून सूत्राने निघतो, फॉर्म्युला खुला आहे, त्यामुळे कुणाच्या सर्व्हरला विचारायला नको. फक्त मूळ अक्षांश-रेखांश हवेत. आलो का फिरून तिथेच?

ते आणायची आयडिया तिच्या डबा पोचवणाऱ्या एका पोराची. तो म्हणाला, ‘ताई, आम्ही रोज त्या दारात उभेच असतो की.’ आता गिऱ्हाइकाला विचारून पोरं डबा देतानाच फोनच्या जीपीएसवर जागेची नोंद घेतात आणि थेट एक्सेलमध्ये भरतात. पहिल्या दोन आठवड्यांत चारशे दारं झाली. तळमजल्यावर आणि चाळींच्या बोळात जीपीएस जरा इकडेतिकडे पळतं, तेवढी टिंबं ती रविवारी हाताने सरकवते. मात्र कुठल्या नकाशावर बघून सरकवायची, ते तिने आधी वाचून घेतलंय.