जखम झाकली, भरली नाही


चिलीतील माजी राजकीय कैद्यांनी आता जुनं उगाळणं थांबवावं, हे गेल्या अंकातलं पत्र वाचून राहवलं नाही. या माणसांना बोलायलाच फार उशिरा मिळालं. हुकूमशहा पिनोशेची राजवट १९९० मध्ये संपली. छळ सोसून जिवंत राहिलेल्यांचं म्हणणं सरकारी वालेच आयोगाने ऐकलं ते २००३-०४ मध्ये. पहिल्या अहवालात २७ हजारांहून अधिक जणांची नोंद झाली, २०११ पर्यंत आकडा ३८ हजारांपुढे गेला. पण छळ करणाऱ्यांची नावं अहवालात नाहीत आणि साक्षी कायद्याने ५० वर्षं बंद ठेवल्या. तोवर साक्ष देणारे आणि आरोपी, दोघंही उरणार नाहीत. पिनोशे तर २००६ मध्ये शिक्षेविनाच गेला.

‘भरपाई मिळाली’ असंही पत्रलेखक म्हणतात. भरपाई म्हणून मिळालेलं निवृत्तिवेतन इतकं तुटपुंजं, की २०१५ मध्ये या वृद्धांना उपोषणाला बसावं लागलं. उतारवयात, छळाने खिळखिळ्या झालेल्या शरीराने!

ज्यांना आपली साक्ष गुप्त हवी, त्यांची ती जरूर गुप्त राहावी. बाकीच्या साक्षी न्यायालयांपुढे आल्याच पाहिजेत. विसरायचं की नाही, हे ज्यांनी सोसलं त्यांना ठरवू द्या.

– एक वाचक, सांगली