आधी उपचार, जोडीला योग

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. खर्रा मात्र चामोर्शीत दुकानाच्या गल्ल्यापर्यंत सहज येतो. व्यसन सोडण्यास योगासने पुरतात काय, असे व्यापारी बंधू विचारतात. पुरत नाहीत, पण उपयोगी पडतात. पुण्याला डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापिलेल्या मुक्तांगणातही उपचार व समुपदेशन यांच्या जोडीलाच योगाभ्यास असतो.

तलफ येते, चढते आणि बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ निभावणे हेच कठीण. उच्छ्वास लांबवत संथ श्वास घेतल्यास जिवाची तगमग शमते. म्हणून आसने पहाटे करावीत, दीर्घश्वसन मात्र तलफेच्या क्षणी, गल्ल्यावर बसूनच.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडल्यास झटके येऊ शकतात, भ्रमही होतो. अब्रूच्या भयाने त्याला मागच्या खोलीत प्राणायामास बसविणे जिवावर बेतेल. थकबाकी लपविल्याने फिटत नाही, हे व्यापाऱ्यांना मी काय सांगावे! २०१६ पासूनच्या मुक्तिपथ अभियानाने तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिके काढली. तेथे जाण्यात कमीपणा कसला?

आणि ज्या दुकानात तंबाखू विकली जाते, तेथील गल्ल्यावरून तंबाखू सोडू पाहणाऱ्या मुलास काही महिने तरी उठवावे; उधारी-वसुलीचे काम द्यावे.