एकशे आठ नगांची पेटी

खंडेनवमीला गोव्यातल्या कुठल्याही गॅरेजपुढून चालत जा. दारावर झेंडूचे तोरण, आत फळीवर ओळीने मांडलेले पाने, पक्कड, हातोडा, प्रत्येकावर हळदकुंकवाचे बोट. ज्याच्यावर पोट चालते त्याच्यापुढे हात जोडायची ही रीत मला फार आवडते. पण तेच हत्यार विकत घ्यायला दुकानात उभे राहिलो की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो "ह्यातला स्वस्त कुठला?" पूजेच्या वस्तूला आणि विकतच्या वस्तूला अशी दोन मापे का लावावीत, हे मला कधी कळलेले नाही.

आज हे लिहायला निमित्त झाला माझा भाचा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकची दोन वर्षे आणि नंतर दुसऱ्याच्या गॅरेजात आणखी काही वर्षे काढून आता तो डिचोलीच्या बाजूला दुचाक्यांचे स्वतःचे गॅरेज टाकतो आहे. त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. काळी प्लास्टिकची पेटी, आत खाचाखाचांत बसवलेली चकचकीत हत्यारे, १०८ नग.

"मामा, चार हजारांत सगळे मिळते. सुट्टे घेत बसलो तर दिवाळे निघेल."

मी त्याला म्हटले, आधी नग मोज. मोजले, तर स्क्रूड्रायव्हरला लावायची बोटाच्या पेराएवढी टोकेच निम्म्याच्या आसपास. मग एलन चाव्या, मग त्याच्या धंद्यात वर्षात एकदाही न लागणाऱ्या इंची गोट्या. रोज लागणारे नग काढले तर वीससुद्धा भरेनात. १०८ हा आकडा जपमाळेला शोभतो, हत्यारांच्या पेटीला नाही!

स्वस्त पाना महाग कसा पडतो, हे ज्याने कधी गंजलेला नट सोडवला आहे त्याला सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो. पान्याचे पोलाद मऊ असले तर जोर लावताक्षणी त्याचे तोंड किंचित पसरते. तेवढ्या फटीत पाना सटकतो आणि नटाचे सहा कोपरे झिजून तो गोल होतो. मग ग्रिप पक्कड लावा, छिन्नीने ठोका, वेल्डिंगवाल्याला बोलावून त्यावर दुसरा नट चिकटवून घ्या. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस जातो, गिऱ्हाईक तोंड वाकडे करते, बोटांची सालपटे निघतात ती वेगळीच. शिवाय झिजलेला नट गिऱ्हाइकाचा असतो. मेकॅनिकचे नाव खराब होते ते इथे, आणि नव्या गॅरेजवाल्याकडे नावाशिवाय दुसरे भांडवल काय असते?

आपल्याकडे तर गंज घरचाच आहे. खारी हवा, चार महिने पाऊस, आणि किनाऱ्यावर भाड्याने फिरणाऱ्या स्कूटरांना समुद्राच्या वाळूचे रोजचे स्नान. कोरड्या मुलखात जो नट साध्या उघड्या तोंडाच्या पान्याने निघतो तो इथे निघेलच असे नाही. म्हणून माझे मत असे, की गोव्यात काम करणाऱ्याने आधी रिंग पान्यांवर पैसे घालावेत आणि गोट्या घ्याव्यात त्या सहा कोनांच्या. बारा कोनांची गोटी नटावर पटकन बसते हे खरे, पण तिचा जोर अगदी कोपऱ्यावर येतो. सहा कोनांची गोटी नटाच्या सपाट अंगाला धरते. अर्ध्या गंजलेल्या नटावर हा फरक फार मोठा होतो.

आता बेताच्या पैशांत चांगले कसे घ्यायचे? माझे सरळ सांगणे आहे, थोडे घ्या आणि सुट्टे घ्या. होंडाच्या स्कूटरवर काम करणाऱ्याला ८, १०, १२, १४ आणि १७ ही मापे हाताशी असली की बहुतेक दिवस निघतो. इथे एक गंमत आहे. ८ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टचे डोके जपानी पद्धतीत १२ चे असते, तर आपल्या आणि जर्मन पद्धतीत १३ चे. त्यामुळे ज्याच्याकडे जपानी गाड्या येतात त्याचा १२ चा पाना झिजतो आणि १३ चा कोरा राहतो. जुन्या चेतकवाल्याचे नेमके उलट, शिवाय त्याला ११ चाही लागतो. जुन्या बुलेटांची तर तऱ्हाच वेगळी. त्यांना इंची पाने लागतात, त्यांचा विषय इथे नको.

आपल्याकडे दुतोंडी पान्यांचा आठाचा संच मिळतो: ६-७, ८-९, १०-११ असे करत २०-२२ पर्यंत. चांगल्या देशी कंपनीचा हा संच त्या १०८ नगांच्या पेटीच्या निम्म्याहून कमी किमतीत येतो. पण एकच संच घेऊन भागत नाही. १२ चा बोल्ट आणि त्याच्यामागचा १२ चा नट एकाच वेळी धरायचे तर १२ ची दोन तोंडे लागतात. म्हणून एक संच रिंगचा आणि एक उघड्या तोंडाचा, अशी जोडी घ्यावी. दोन संच म्हटल्यावर भाच्याने डोळे मोठे केले. त्या पेटीतही १२ ची दोन तोंडे नव्हती, हे दाखवल्यावर ते लहान झाले.

देशी म्हटले की नाक मुरडणारे लोक आपल्यात पुष्कळ. त्याला थोडा इतिहासही आहे. १९६१ पूर्वी गोव्यात परदेशी माल सहज येई, आणि अजून एखाद्या जुन्या घराच्या माडीवर 'मेड इन वेस्ट जर्मनी' कोरलेला पाना सापडतो. तो चांगलाच असतो, वाद नाही. पण म्हणून देशी ते टाकाऊ, हे खरे नव्हे. नाशिकच्या सातपूरला तपारियाचा कारखाना आहे. एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने १९६९ मध्ये त्यांनी हातहत्यारे बनवायला घेतली. जालंधर आणि लुधियाना इथले कारखानदार परदेशात हत्यारे पाठवतात, आणि तिथे परदेशी नावाचा शिक्का बसून तीच दामदुपटीने विकली जातात. आणि कानस म्हणाल तर जेके फाइल्सचे कारखाने आपल्या शेजारच्या कोकणात, रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत. चांगली कानस शोधायला जर्मनीला जायचे कारण नाही.

मात्र नावावर जाऊ नका, वस्तू बघा. मोठ्या नावाशी मिळतेजुळते नाव टाकून आलेला माल बाजारात भरपूर आहे. एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेले असते आणि घाईत ते दिसत नाही. 'क्रोम व्हॅनेडियम' हे शब्दही कुणीही कशावरही ठोकू शकतो. पान्याचा खरा कस धातूच्या नावाइतकाच त्याला दिलेल्या पाण्यात असतो. पाणी कमी बसले तर तोंड पसरते, जास्त बसले तर पाना तडकतो. दुकानात ते डोळ्यांना दिसत नाही, पण काही गोष्टी दिसतात. खिशात एक नवा १० चा आणि एक १२ चा बोल्ट ठेवून जा आणि पाना त्यावर लावून बघा. ढिला डुगडुगला तर परत ठेवा. पक्कड मिटून उजेडाकडे धरा, टोके नीट जुळत नसतील तर घेऊ नका. तोंडाच्या आतल्या बाजूला मुलाम्याचे पापुद्रे सुटलेले असतील तरी नको. भारतीय मानकात उघड्या तोंडाच्या पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ आहे, तो आकडा वस्तूवर किंवा वेष्टनावर असला तर बरे. पाना लादीवर टाकून आवाज ऐकणारे जाणकारही मी पाहिले आहेत. त्या परीक्षेवर माझा काडीचा विश्वास नाही.

सगळ्यात दुर्लक्षित हत्यार म्हणजे फुलीचा स्क्रूड्रायव्हर. यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ विकली गेली आणि गोव्यात अजून तिचे भक्त आहेत. तिच्या इंजिनाच्या बाजूच्या झाकणांचे स्क्रू बघा, दहातल्या आठ गाड्यांवर ते कुरतडलेले दिसतील. लोक मेकॅनिकला शिव्या देतात. दोष बऱ्याचदा हत्याराचा असतो. जपानी फुली आणि नेहमीची फिलिप्स फुली दिसायला सारखीच, पण फिलिप्सचे टोक जपानी स्क्रूच्या तळापर्यंत नीट बसत नाही आणि जोर दिला की वर उचलले जाते. जपानी मापाचा दोन नंबरचा आणि तीन नंबरचा, असे दोन चांगले स्क्रूड्रायव्हर आणि जोडीला हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला तर हे कुरतडणे जवळजवळ थांबते. इथे कंजूषपणा करू नये. हातोडा, छिन्नी, टॉमी, हत्यारे ठेवायचा डबा ह्यांत खुशाल करावा. हातोडा साधा असला तरी हातोडाच असतो, फक्त दांडा घट्ट बसलेला पाहावा. गाडीखाली लावायच्या जॅकला आणि टेकूंना मात्र हा नियम लावू नका, तिथे जिवाचा प्रश्न आहे.

जुनी हत्यारे घ्यावीत का? पाने जरूर घ्यावेत. त्यांना हलणारा भाग नाही, तोंड शाबूत असले की पन्नास वर्षांचा पानाही नव्यासारखा चालतो. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग २०१८ मध्ये पुन्हा झाल्या, तेव्हा डिचोली-साखळी पट्ट्यातल्या भंगारात जड वाहनांच्या वर्कशॉपमधली उत्तम हत्यारे किलोच्या भावाने पडलेली मी पाहिली आहेत. बघून वाईट वाटले, कारण त्या प्रत्येक पान्यामागे एक बंद पडलेला हात होता. पण ती वितळवण्यापेक्षा कुणी वापरली तर चांगलेच. पुण्याच्या जुन्या बाजारातही नशीब असेल तर फरीदाबादचा जुना गेडोरे पाना मिळून जातो. रॅचेट, टॉर्क पाना आणि हायड्रॉलिक जॅक मात्र जुने घेऊ नयेत, त्यांच्या पोटात काय झिजले आहे ते बाहेरून कळत नाही. रॅचेट घेताना दात विचारावेत. २४ दातांच्या रॅचेटला पुढच्या दातावर जायला १५ अंश फिरावे लागते, ७२ दातांच्याला पाचच. स्कूटरच्या पत्र्याआड हात घालून काम करणाऱ्याला ह्या दहा अंशांची किंमत कळते.

जाता जाता भाषेची एक गोष्ट. आपण कुलपाला लावतो ती चावी मूळ पोर्तुगीज 'शाव्ह', आणि त्या भाषेत किल्लीला आणि पान्याला एकच शब्द आहे. हातोड्याला जुन्या मराठीत मारतूल म्हणत, तोही पोर्तुगीजच. हत्यारांचे शब्द आपण चारशे वर्षे सांभाळले, हत्यार धरणाऱ्याचा मान मात्र तितका सांभाळला नाही. मुलगा आखातात जाऊन तोच पाना फिरवतो तेव्हा सांगायला बरे वाटते. गावात फिरवला तर सोयरिकीच्या वेळी "गॅरेज आहे" हे वाक्य घाईघाईने म्हटले जाते.

सरकारच्या यादीतही तो नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आहे. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, न्हावी, शिंपी, अगदी हातोडे आणि हत्यारे बनवणारासुद्धा, असे १८ व्यवसाय त्यात आहेत. हत्यारे बनवणारा आहे, पण ती वापरून गाड्या दुरुस्त करणारा नाही. योजना पारंपरिक कारागिरांसाठी आहे हे मान्य. पण वाडवडिलांनी बैलगाड्या दुरुस्त केल्या आणि नातू स्कूटर दुरुस्त करतो, एवढ्यावरून तो कारागीर राहात नाही काय?

केंद्राचे केंद्र बघेल. गोव्यात दरवर्षी आयटीआयमधून मेकॅनिक होऊन बाहेर पडणारी मुले मोजकी असतात. स्वतःचा धंदा टाकणाऱ्यांना राज्याने अशीच रक्कम द्यावी, असे मला वाटते. एकच अट घालावीशी वाटते: पेटी देऊ नये, पैसे द्यावेत. पेटी द्यायची ठरली की निविदा निघणार, सगळ्यात कमी दर लावणाऱ्याला ती जाणार, आणि झेंडे लावलेल्या मांडवात मंत्रिमहोदयांच्या हस्ते मुलांच्या हातात पडणार त्या १०८ नगांच्याच पेट्या. पंधरा हजारांत पान्यांची जोडी, सहा कोनांच्या गोट्या, चांगले स्क्रूड्रायव्हर, एलन चाव्यांचा संच आणि दोन पकडी येतात, वर टेकूंना पैसे उरतात. कुठले आधी घ्यायचे ते मुलाला ठरवू द्यावे. दोन वर्षे शिकून त्याला तेवढे कळत नसेल, तर चूक शिकवणाऱ्यांची आहे.