शर्यतीचा हक्क आणि बैलाची पाठ

बैलगाड्यांच्या शर्यतीवर बंदी आली तेव्हा खेडोपाडी जो संताप उसळला, तो आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्यात वाजवी किती होते हेही आम्ही जाणतो. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या पंक्तीस बैलाला बसविले. ह्या जनावरांना लोकांपुढे खेळ करावयास लावू नये, असा त्याचा अर्थ. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि आमच्याकडील शर्यत ह्या दोहोंस मनाई केली. २०१७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून शर्यतीस वाट दिली, तर त्याच वर्षी ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयाने ती अडविली. पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. बारा वर्षांचा झगडा संपला. घाटावर पुन्हा गुलाल उडाला. आम्हांस त्याचा आनंद आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो. नाही तर पुढील मजकूर वाचून कोणी म्हणावयाचे की, मास्तर शहरातल्या लोकांना सामील झाला.

खेड्यातल्या माणसाचा मुख्य आक्षेप काय होता? मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर आणि पुण्यास घोड्यांच्या शर्यती राजरोस चालतात. तेथे पैसा लागतो आणि चाबूकही चालतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्याची शर्यत हा निव्वळ नशिबाचा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल दिला. तो निकाल जुगाराच्या प्रश्नावर होता, जनावराच्या छळाच्या प्रश्नावर नव्हता, हे खरे. पण खेड्यातल्या माणसाने त्यातून एवढेच घेतले की, शेटजींचा घोडा धावला तर ते कौशल्य आणि कुणब्याचा बैल धावला तर तो छळ! हा सवाल चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. बंदी घालणाराने दोन्हीकडे सारख्या नजरेने पाहिले पाहिजे होते.

पण बांधवांनो, सवाल बरोबर असला म्हणजे त्याचे आपण काढलेले उत्तर बरोबर असतेच असे नाही. शेटजींना मारण्याची मुभा आहे, सबब आम्हांसही द्या, हे मागणे बरोबरीचे खरे. पण ती बरोबरी कशातली? आधी त्या घोड्याचे तरी काय चालले आहे ते पाहू.

घोड्यांच्या शर्यतीचे माहेर म्हणजे इंग्लंड. तेथे लिव्हरपूलजवळ एंट्री ह्या गावी ‘ग्रँड नॅशनल’ नावाची शर्यत होते. घोड्यांना सुमारे सात किलोमीटर धावत तीस अडथळे ओलांडावे लागतात. २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षे ह्या एका शर्यतीत दोन-दोन घोडे मेले. लोकांत ओरड झाली, तेव्हा २०१३ साली अडथळ्यांच्या पोटातले कठीण लाकूड काढून तेथे मऊ सामान घातले. २०२४ सालापासून धावणाऱ्या घोड्यांची संख्या चाळिसावरून चौतिसावर आणली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता अनिता मैदानावर डिसेंबर २०१८ ते जून २०१९ ह्या एका हंगामात तीसच्या घरात घोडे दगावले. त्यानंतर २०२० साली तेथे देशभरासाठी कायदा करावा लागला. ही जनावरे साधारण दोन वर्षांची होताच धावावयास लागतात, तेव्हा त्यांची हाडे पुरती भरलेलीही नसतात. साडेचारशे-पाचशे किलोचा देह आणि खाली काठीसारखे बारीक पाय. एकदा नळीचे हाड मोडले की बहुधा ते सांधता येत नाही, आणि घोड्याला तेथेच मारून टाकतात. असे हे शेटजींच्या घोड्याचे वैभव! त्याचा हेवा करण्यासारखे त्यात काही नाही. शेजाऱ्याच्या वाड्यात अंधार आहे म्हणून आपण आपला दिवा विझवीत नाही.

आता आपल्या घाटाकडे वळू. बैल आणि घोडा ह्यांची घडण एक नाही. २०१४ च्या निकालात न्यायालयाने बैलाचा देह पिंपासारखा असतो, असे नमूद केले आहे. ते वाचून कित्येकांस राग आला. पण शेतकऱ्याला हे न्यायालयाने सांगावयास हवे काय? बैल हे ओढीचे जनावर. नांगर, मोट, भरली गाडी ही त्याची कामे. त्याचे बळ खांद्यात आणि सावकाश चालीत. तो रवंथ करणारा. पोटात वैरण भरलेली असते. घोड्याच्या अंगाला घामाचे लोट येऊन ते निवते, तसे बैलाचे होत नाही. तो तोंडाने धापा टाकतो. आणि आमच्या जत्रा बहुतेक चैत्र-वैशाखात, भर उन्हात!

कोणी म्हणेल, “मास्तर, तुम्ही शाळेतले. आमचा बैल हौसेने पळतो. घाट दिसला की पाय आपटतो, कान टवकारतो.” खरे आहे. असे बैल आम्हीही पाहिले आहेत. गाडामालकाच्या गोठ्यात बैलाची जी बडदास्त असते, उडीद, खारीक, दूध, रोज अंघोळ, रोज फेरी, तीही आम्ही पाहिली आहे. कित्येक घरांत पोरांच्या वाट्याला येत नाही ते बैलाला मिळते. म्हणून आम्ही गाडाशौकिनांना सरसकट कसाई म्हणणार नाही. जो म्हणतो त्याने गोठा पाहिलेला नाही. पण आमचा साधा प्रश्न आहे. जो हौसेने पळतो, त्याला आर कशाला टोचावी लागते? त्याची शेपटी कशाला पिरगाळावी, कशाला दातांनी चावावी लागते? बॅटरीचा झटका कशाला द्यावा लागतो? बैल हा जातीने भित्रा. भ्याला म्हणजे पळणे एवढेच त्याला ठाऊक. मार बसल्यावर जो वेग दिसतो तो भीतीचा वेग होय. त्या सेकंदांची बढाई मारणे म्हणजे विंचू चावल्यावर पोराने मारलेल्या उड्या मोजून त्याला मल्ल ठरविण्यासारखे आहे.

दुसरा कोणी म्हणेल, “बैलाचे कातडे जाड, त्याला फटका लागत नाही.” ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या विद्वानांनी २०२० साली घोड्याचे आणि माणसाचे कातडे ताडून पाहिले. वेदना जाणणारे वरचे कातडे आणि त्यातील ज्ञानतंतू पाहता, घोड्याला माणसाहून कमी लागते असे मानण्यास आधार सापडला नाही. बैलासाठी तर इतक्या दूर जावयास नको. गोठ्यात जाऊन उभे राहा. पाठीवर माशी बसली की तेवढीच कातडी बैल थरथरवितो. ज्याला माशीचे पाय कळतात, त्याला आरीचे टोक कळत नाही काय?

तिसरा म्हणेल, “ही आमची परंपरा आहे.” परंपरा आम्हांसही प्यारी आहे. पण परंपरेत काय काय आहे ते सगळे मोजा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून ज्या खांद्याला घट्टे पडले, तो खांदा आपण हळद आणि लोणी लावून चोळतो. बेंदराला, पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही, आसूड हातात घेत नाही, पुरणाचा घास आधी त्याला देतो. हीही परंपराच ना? एका सणाला ज्याच्या पाया पडावयाचे, दुसऱ्या सणाला त्याच्याच पाठीतून रक्त काढावयाचे, ह्यांपैकी वाडवडिलांची खरी शिकवण कोणती, ते ज्याचे त्याने ठरवावे. आणि त्या वाडवडिलांच्या शर्यतीत बैल दुसऱ्या दिवशी औताला जावयाचा होता. त्याचा पाय मोडला तर पेरणी बुडत होती, म्हणून त्याला जपण्यात घराचा स्वार्थही होता. आज औताला ट्रॅक्टर आहे. बैल केवळ शर्यतीसाठी लाखांनी घेतला जातो. बक्षिसाला मोटारसायकल, ट्रॅक्टर, मोटार लागते. पूर्वी गरजेने जो लगाम हाताला होता, तो सुटला आहे. आता तो आपणच घालून घ्यावयाचा आहे.

कायदा काय सांगतो तेही नीट ऐका. कारण पुष्कळांची अशी समजूत आहे की, २०२३ साली न्यायालयाने सारे मोकळे सोडले. तसे नाही. शर्यतीस जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अंतर एक हजार मीटरच्या वर नेता येत नाही. बैलांची पशुवैद्याकडून तपासणी झाली पाहिजे. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका ह्यांस मनाई आहे. १९६० च्या मूळ कायद्यात जनावराच्या छळाबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! महाराष्ट्राच्या दुरुस्तीने शर्यतीत नियम मोडणारास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेविली आहे. आणि नियम काटेकोर पाळले जातात की नाही, ह्याची जबाबदारी घटनापीठाने जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांवर टाकली आहे. थोडक्यात, शर्यत आपल्याला अटींवर मिळालेली आहे. अटी मोडणे म्हणजे बारा वर्षे वर्गणी काढून, मोर्चे काढून जे मिळविले ते आपल्याच हाताने परत करणे होय.

पण आम्हांस दंडाची भीती घालावयाची नाही. दंड होण्यासाठी तक्रार लागते, साक्ष लागते, आणि गावात गाववाल्याविरुद्ध साक्ष कोण देतो? म्हणून आम्ही निराळा उपाय सुचवितो. तो इंग्लंडातल्या शर्यतीतच सापडतो. तेथे २०२३ सालापासून असा नियम आहे की, स्वाराने ठरल्या संख्येपेक्षा चार किंवा अधिक फटके जास्त मारले तर तो घोडा पहिला आला तरी बाद. बक्षीस गेले, नाव गेले. मारून फायदा नाही म्हटल्यावर मारणाराचा हात आपोआप आखडतो. आमच्या यात्रा कमिट्यांना हे करण्यास कोणाच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाही. आमचे म्हणणे असे :

१. गाडा जुंपण्यापूर्वी पंचांनी हाकणाराचे हात, कंबर आणि खिसे तपासावेत. आर, चाबूक, बॅटरी सापडली तर ती बारी तेथेच रद्द.

२. धावताना मारले, टोचले, शेपटी चावली, तर गाडा बाद. घड्याळ काही सांगो. आणि का बाद झाला, हे मालकाच्या नावासह कर्ण्यावरून सर्वांस ऐकू जाईल असे सांगावे. पाच लाखांच्या दंडापेक्षा चार गावांसमोरची ही लाज भारी पडेल.

३. उन्हाळ्यात भर दुपारी बारी सोडू नये. सावली आणि पाण्याची सोय प्रेक्षकांच्या आधी बैलांची करावी.

४. पशुवैद्याने बैल पाहूनच सही करावी, आणि सही झाली तरी लंगडणारा, धापलेला बैल पंचांनी परत पाठवावा.

५. जमलेल्या पैशातून काही भाग जायबंदी बैलाच्या औषधपाण्यासाठी वेगळा ठेवावा.

ह्यात आमच्या कारागीर बंधूंचाही वाटा आहे. पराणीच्या टोकाला आर ठोकून देतो कोण? गावचा लोहार. शर्यतीची गाडी हलकी करून देतो कोण? गावचा सुतार. लोहारदादाने बैलाच्या खुराला पत्री जरूर मारावी. ते त्याच्या पायाचे रक्षण आहे. पण शर्यतीसाठी आर मागावयास कोणी आला तर नाही म्हणावे. आणि घरच्या मायबहिणींनी एक विचारावे. गोठ्यात चारापाणी, शेणघाण बहुधा तुमच्याच हातून होते. बैल हाक ओळखतो ती तुमची. मग तो घाटावरून परत आला म्हणजे त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवून पाहा, आणि हाताला रक्त लागले तर त्या दिवशी घरातल्या गाडेवाल्याला त्याचा जाब विचारा. तुमच्या पुढे पंचही टिकावयाचा नाही.

शेवटची गोष्ट म्हातारपणाची. ज्या बैलाने बक्षिसे आणली, तो थकला म्हणजे त्याचे काय? २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीस बंदी आहे. तो कायदा भला की बुरा, हा निराळा वाद. गरीब शेतकऱ्याला थकल्या जनावराचा खर्च किती जड जातो हे आम्ही जाणतो. पण ज्याने लाखाला बैल घेतला आणि त्याच्या जिवावर मोटार जिंकली, त्याने तरी ‘परवडत नाही’ म्हणू नये. जिंकलेला बैल मरेपर्यंत दावणीला राहिला पाहिजे, अशी गाडामालकांनी आपसांत रीत पाडावी.

आमच्या वर्गात बसणारी पोरे घाटावर जातातच. जत्रेच्या दिवशी हजेरीपट अर्धा रिकामा असतो. पुस्तकात आम्ही त्यांना प्राण्यांवर दया करा असे शिकवितो, आणि घाटावर ती बापाच्या हातातली आर पाहतात. पुस्तक आणि बाप ह्यांत पोर कोणाचे ऐकते, हे सांगावयास नको. म्हणून ही विनंती पोरांना करून भागत नाही, बापांना करावी लागते. यंदाच्या जत्रेपूर्वी जी ग्रामसभा भरेल, तीत वरील पाच कलमे मांडा आणि हात वर करून मंजूर करा. शर्यत आपली आहे हे न्यायालयाने मान्य केले आहे. बैलही आपला आहे, हे आता आपण दाखवावयाचे आहे.